विकिपीडियाचं दार: जाहिरातबाजांना अटकाव, नवख्यांना वाट

कॉलेजच्या संगणक कक्षात मराठी विकिपीडियाची कार्यशाळा भरली, की बरेचदा सातव्या विद्यार्थ्यापाशी गाडी अडते. पहिल्या सहा जणांची खाती पटापट उघडतात. सातवाही तेच सगळं करतो, नाव टाकतो, पासवर्ड टाकतो, पण त्याच्यासमोर सूचना येते की या आयपी पत्त्यावरून आजची खाती उघडून संपली, आता आणखी उघडता येणार नाहीत. त्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. तो पुन्हा प्रयत्न करतो, शेजारचा संगणक घेतो, तरी उत्तर तेच.

कक्षात तीस संगणक असले तरी ते एकाच जोडणीतून बाहेर जातात, त्यामुळे बाहेरच्या जगाला त्या सगळ्यांचा मिळून एकच पत्ता दिसतो. विकिपीडियावर एका पत्त्यावरून चोवीस तासांत सहाच खाती उघडता येतात. हा नियम विद्यार्थ्यांसाठी केलेलाच नाही. शेकडो खाती एका झटक्यात उघडून हजारो पानांवर जाहिराती चिकटवणारे प्रोग्राम असतात, त्यांच्यासाठी तो केला आहे. पण कार्यशाळेला आलेला वर्ग आणि जाहिरातबाजांची टोळी, दोन्ही सर्व्हरला सारखेच दिसतात: एका जागेवरून, थोड्या वेळात, भराभर उघडली जाणारी नवी खाती. अनुभवी आयोजक आधीच अर्ज करून ही मर्यादा उठवून घेतात किंवा खाती उघडून देण्याचा अधिकार असलेल्या सदस्याला सोबत ठेवतात. ज्याला हे माहीत नसतं, त्याच्या कार्यशाळेचा पहिला तास इथेच जातो.

जाहिरातबाजांना अडवायचं पण नवख्यांना नाही, हा पेच जिथे कुणीही येऊन लिहू शकतं अशा प्रत्येक ठिकाणी असतो. विकिपीडियाचं उदाहरण घेण्याचं कारण असं, की २००१ साली सुरू झालेल्या या ज्ञानकोशात प्रत्येक बदलाची नोंद राहते आणि ती कुणालाही पाहता येते. त्यामुळे कोणत्या उपायाने काय झालं हे अंदाजाने सांगावं लागत नाही. अभ्यासकांनी ते मोजलेलं आहे.

आधी धोका काय आहे ते पाहू. सर्वांत जुना त्रास लिंकांचा. एखाद्या संकेतस्थळाकडे जितक्या चांगल्या जागांवरून लिंका येतात, तितकं ते शोधयंत्रात वर दिसतं. मग विकिपीडियाइतकी चांगली जागा कोणती? म्हणून औषधं, कर्जं, जुगार यांच्या लिंका पानापानांवर येऊ लागल्या. २००५ मध्ये गुगल, याहू आणि मायक्रोसॉफ्टने एक खूण मान्य केली, ‘नोफॉलो’. ती लावलेली लिंक शोधयंत्राच्या हिशेबात धरायची नाही असं ठरलं. इंग्रजी विकिपीडियाने २००७ मध्ये बाहेरच्या सगळ्या लिंकांना ती लावली. म्हणजे लिंक चिकटवण्यातला मोठा फायदाच काढून घेतला, आणि तोही कुणा नवख्याला जराही त्रास न देता. मला हा उपाय फार आवडतो. त्याने स्पॅम थांबला मात्र नाही, कारण चिकटवणाऱ्याला खर्च जवळजवळ शून्य असतो आणि वाचक लिंकेवर बोट ठेवतातच.

दुसरा त्रास खोडसाळपणाचा. मे २००५ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर जॉन सायगेनथेलर या अमेरिकन पत्रकाराच्या पानावर कुणीतरी निनावी लिहून गेलं, की केनेडींच्या हत्येशी त्यांचा संबंध असल्याचा संशय होता. हे धादांत खोटं होतं, पण ते चार महिने तसंच राहिलं. सायगेनथेलर यांनी वर्तमानपत्रात त्यावर लिहिलं, जगभर चर्चा झाली आणि डिसेंबर २००५ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर खातं नसलेल्यांना नवं पान तयार करण्याची मनाई झाली. एका माणसाची बदनामी चार महिने सगळ्यांसमोर पडून राहते हे भयंकरच होतं. त्यानंतर पहारा वाढला. अलीकडील बदल एका रांगेत दाखवून एका क्लिकवर उलटवता येतील अशी साधनं आली, संशयास्पद बदल अडवणाऱ्या गाळण्या आल्या, आपोआप काम करणारे प्रोग्राम, म्हणजे सांगकामे (बॉट) आले.

पहारा यशस्वी झाला. उत्पात काही मिनिटांत, पुष्कळदा काही सेकंदांत पुसला जाऊ लागला. त्याच सुमारास दुसरीकडे मात्र घसरण सुरू झाली. २००७ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर दरमहा निदान पाच बदल करणारे सदस्य सुमारे ५१ हजार होते, २०१३ पर्यंत ते सुमारे ३१ हजारांवर आले. जुने लोक सोडून जात होते ते नेहमीच्याच प्रमाणात. खरी अडचण ही होती, की नवे टिकत नव्हते. अभ्यासक आरन हाफेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये यावर अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना असं आढळलं, की चांगल्या हेतूने येणाऱ्या नवख्यांचं प्रमाण फारसं घटलेलं नव्हतं, पण त्यांचा पहिलाच बदल उलटवला जाण्याचं प्रमाण खूप वाढलं होतं, आणि ज्यांचा पहिला बदल उलटवला जातो ते टिकून राहण्याची शक्यता कमी होते. वाढत्या गर्दीला आवरण्यासाठी जी यंत्रणा उभी केली, तिनेच पुढची वाढ खुंटवली. त्यांची आणखी एक नोंद मला जास्त बोचते: एका क्लिकवर उलटवण्याची साधनं वापरणारे, नवख्याने काही विचारलं तर उत्तर देण्याची शक्यता कमी असायची.

यंत्राकडून चूक कशी होते हे नीट समजून घेतलं तर पुढचं सगळं सोपं जातं. इंग्रजी विकिपीडियावर २०१० पासून ‘क्लूबॉट एनजी’ नावाचा सांगकाम्या आहे. तो प्रत्येक बदल वाचून, हा उत्पात असण्याची शक्यता किती, याचा आकडा काढतो. आकडा ठरावीक रेषेच्या वर गेला तर बदल उलटवतो. ही रेषा कुठे आखायची हे माणसं ठरवतात, आणि चाळणीच्या भोकांसारखंच तिचं असतं: भोकं बारीक केली की खडे अडकतात, पण दाणेही अडकतात. क्लूबॉटच्या कर्त्यांनी याचे आकडे उघड ठेवले आहेत. हजारातला जास्तीत जास्त एक चांगला बदल चुकून उलटला तर चालेल असं ठरवलं, तर तो सुमारे ४० टक्के उत्पात पकडतो. ही सूट अडीचपट केली, म्हणजे हजारात अडीच चुका चालवून घेतल्या, तर सुमारे ५५ टक्के पकडतो. आधी रेषा त्या सैल जागी होती. नंतर ती हजारात एकावर आणली. म्हणजे पंधरा टक्के उत्पात हातातून सुटू दिला, तो माणसांनी निस्तरायचा ठरवलं, पण निरपराधांची संख्या निम्म्याहून कमी केली.

हजारात एक हे ऐकायला नगण्य वाटतं. पण एक लाख चांगल्या बदलांमागे शंभर लोक होतात, आणि या चुका सगळ्यांत सारख्या वाटल्या जात नाहीत. अनुभवी सदस्याला यंत्र ओळखतं, त्याच्या नावावर हजारो बदल असतात, म्हणून त्याला ते सहसा हात लावत नाही. चुकीचा फटका बसतो तो कालच आलेल्याला. जुन्या माणसाचा बदल चुकून उलटला तर तो वैतागेल, परत टाकेल आणि कामाला लागेल. नवखा समजतो की आपल्याला हाकललं. एकच चूक, पण किंमत सारखी नाही, आणि नेमकी जिथे किंमत जास्त तिथेच चुका साठतात. म्हणून ‘अचूकता ९९ टक्के’ अशा दाव्यांवर मी फारसा विसंबत नाही. उरलेला एक टक्का कुणाच्या वाट्याला येतो हे आधी विचारायला हवं.

क्लूबॉटमध्ये एक लहानसा नियम आहे, तो मला त्याच्या सगळ्या गणितापेक्षा शहाणा वाटतो. एकाच माणसाचा एकाच पानावरचा बदल तो दिवसातून एकदाच उलटवतो. त्या माणसाने तोच बदल परत टाकला तर यंत्र मागे सरतं आणि निर्णय माणसांवर सोडतं. उत्पाती मुलगा बहुधा कंटाळून निघून जातो, पण ज्याला खरंच काही सांगायचंय तो परत येतो, आणि त्या वेळी त्याच्यासमोर यंत्र नसतं.

आता एक बदल जवळून पाहू. समजा, जुन्नर तालुक्यातल्या एका गावाचं मराठी विकिपीडियावर दोन ओळींचं पान आहे: गाव कुठे आहे, तालुका कोणता, जिल्हा कोणता. गावातला एक तरुण मोबाइलवर ते पाहतो, ‘संपादन’ दाबतो आणि लिहितो: ‘आमच्या गावात चैत्र पौर्णिमेला भैरवनाथाची यात्रा भरते. घाटात बैलगाडा शर्यती होतात. लोकप्रिय सरपंचांच्या प्रयत्नातून गावात नळपाणी योजना आली.’ खाली गावाच्या फेसबुक पानाची लिंक देतो. नव्या खात्याने बाहेरची लिंक टाकली की वेडीवाकडी अक्षरं ओळखून लिहायला सांगणारी कसोटी समोर येते. ती अक्षरं वर्षानुवर्षं रोमन लिपीतच येत आली आहेत, आणि या तरुणाच्या मोबाइलवर कीबोर्ड देवनागरी आहे. तरी तो चिकाटीने ती पार करतो आणि ‘प्रकाशित करा’ दाबतो.

गाळणीच्या नजरेने पाहिलं तर यात जाहिरातीच्या सगळ्या खुणा आहेत: नवं खातं, ‘आमच्या’, हयात व्यक्तीची स्तुती, बाहेरची लिंक, संदर्भ एकही नाही. पण त्या गावची यात्रा कधी असते हे दिल्लीतला किंवा पुण्यातला कुणी येऊन लिहिणार नाही. ती माहिती फक्त याच्याकडे आहे. चांगला जाणकार इथे काय करतो? ‘आमच्या’ काढतो, सरपंचांचं वाक्य आणि लिंक काढतो, यात्रेची आणि शर्यतीची वाक्यं ठेवतो, त्यापुढे ‘संदर्भ हवा’ अशी खूण लावतो आणि तरुणाच्या चर्चा पानावर, म्हणजे प्रत्येक सदस्याला निरोप ठेवण्यासाठी असलेल्या पानावर, दोन ओळी लिहितो: ‘यात्रेची माहिती छान दिलीत. वर्तमानपत्रातली किंवा गॅझेटियरमधली नोंद सापडली तर तिचा संदर्भ द्या. अडलं तर इथेच विचारा.’ याला दहा मिनिटं लागतात. सगळंच उलटवायला एक सेकंद लागतो. समोर दोनशे बदलांची रांग असेल तर थकलेला माणूस काय निवडेल हे उघड आहे, आणि त्यासाठी त्याला दोष देणं अन्यायाचं होईल. मला तरी पेचाचं मूळ नियमांपेक्षा या वेळेच्या टंचाईत दिसतं.

इथे एक महत्त्वाचा फरक आहे. ‘या बदलाने पानाचं नुकसान होतं का?’ हा एक प्रश्न. ‘हा माणूस वाईट हेतूने आला आहे का?’ हा दुसरा. आपण घाईत दोन्हींना एकच उत्तर देतो. तरुणाच्या बदलाने पानाचा दर्जा थोडा बिघडला हे खरं, पण त्याचा हेतू स्वच्छ होता. २०१५ मध्ये विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया संस्थेने बदलांचा दर्जा आपोआप जोखणारी ‘ओआरईएस’ ही यंत्रणा आणली, तिच्यात हे दोन प्रश्न मुद्दाम वेगळे ठेवले होते. एक मॉडेल नुकसानाचा अंदाज द्यायचं, दुसरं हेतूचा. त्यामुळे ‘नुकसान करणारे, पण चांगल्या हेतूचे’ असे बदल वेगळे काढून पाहणं शक्य झालं. ज्यांना मदतीची सर्वांत जास्त गरज असते ते नवखे नेमके याच ढिगात असतात, आणि पूर्वी ते उत्पात्यांबरोबर एकत्र फेकले जात.

मग दारातच कडक तपासणी केली तर? खातं काढल्याशिवाय लिहूच द्यायचं नाही, असं पुष्कळांना वाटतं, आणि वरवर पाहता ते पटतंही. बेंजामिन माको हिल आणि आरन शॉ या अभ्यासकांनी नेमकं हेच तपासलं. विकिपीडियासारख्याच, पण लहान अशा १३६ विकींनी (कुणालाही संपादन करता येणाऱ्या संकेतस्थळांनी) कधी ना कधी खातं सक्तीचं केलं होतं. त्या निर्णयाच्या आधी आणि नंतर काय झालं ते त्यांनी पाहिलं. निकृष्ट बदल कमी झाले, हे अपेक्षितच होतं. पण चांगले बदलही घटले, आणि जे बदल येईनासे झाले त्यांतले बहुसंख्य चांगल्या दर्जाचे होते. आधीपासून खातं असलेल्यांचं कामही कमी झालं. कारण समजायला अवघड नाही. पुष्कळ लोकांची सुरुवात एखादी ऱ्हस्वदीर्घाची चूक सुधारण्यापासून होते. तेवढ्यासाठी नाव, पासवर्ड, ईमेल मागितला तर माणूस पान बंद करतो आणि पुढे जे त्याच्या हातून झालं असतं ते सगळंच हुकतं. हे नुकसान कुणाला दिसत नाही. अडवलेला स्पॅम मोजता येतो, न आलेला माणूस कोणत्याही यादीत नसतो.

यावरून प्रत्येक अडसर वाईट, असा निष्कर्ष मात्र मी काढणार नाही. इंग्रजी विकिपीडियाने सप्टेंबर २०१७ ते मार्च २०१८ असा एक प्रयोग केला. अगदी नव्या खात्यांना थेट नवं पान तयार करता येणार नाही. आधी चार दिवस आणि दहा बदल व्हायला हवेत, किंवा मग मसुदा लिहून तपासायला द्यायचा. अनेकांना भीती होती की नवखे पळतील. तसं झालं नाही. नवख्यांच्या टिकण्यावर ठळक परिणाम दिसला नाही, पान तपासणाऱ्यांवरचा ताण कमी झाला, आणि २०१८ मध्ये हा नियम कायम झाला. मला याचा अर्थ असा लागतो, की अडसर कुठे घालता याला महत्त्व आहे. असलेल्या पानावरची चूक सुधारणं हे पहिलं पाऊल आहे, तिथे अडवू नये. पूर्णपणे नवं पान लिहिणं हे अवघड काम आहे. पहिल्याच दिवशी ते करणाऱ्याचं पान बहुधा काढून टाकावं लागतं आणि तो अपमान अडसरापेक्षा जास्त लागतो. त्याला चार दिवस थांबवणं ही त्याचीच सोय आहे.

काही अडसर तर कुणी जाणूनबुजून घातलेलेही नसतात. लहान केलेल्या लिंका, बिटलीसारख्या, सगळ्या विकींवर बंद आहेत, कारण त्यांच्याआड कोणतंही संकेतस्थळ लपवता येतं. नियम योग्यच आहे. पण व्हॉट्सअॅपवर आलेली बातमीची लिंक जशीच्या तशी संदर्भ म्हणून टाकणाऱ्याला हे कसं कळावं? त्याला ‘काळ्या यादीतील दुवा’ अशा अर्थाची सूचना दिसते आणि तो हबकतो. इथे नियम बदलायची गरज नाही. ‘ही लिंक लहान केलेली आहे, मूळ लिंक उघडून ती इथे टाका’, एवढं वाक्य सूचनेत असलं तर काम होतं. तीच गोष्ट आयपी पत्त्यांवरच्या बंदीची. मोबाइल कंपन्या एकच पत्ता असंख्य ग्राहकांमध्ये वाटतात. एका उपद्व्यापी माणसासाठी पत्त्यांचा अख्खा पट्टा बंद केला, की त्याच जाळ्यावरच्या हजारो लोकांना न केलेल्या गोष्टीची शिक्षा होते. आपल्याकडे बहुतेक लोक इंटरनेटवर मोबाइलनेच येतात, त्यामुळे भारतातल्या नवख्यांना याचा फटका जास्त बसतो.

स्वागताच्या बाजूने काय करता येतं याचंही उत्तर मोजून मिळालेलं आहे. २०१२ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर ‘टीहाउस’ नावाची जागा सुरू झाली. तिथे नवख्यांनी काहीही विचारावं, कुणी हसणार नाही, कुणी नियमांचे क्रमांक तोंडावर फेकणार नाही. अनुभवी सदस्य साध्या भाषेत, आपल्या नावाने उत्तर देतात. एक सांगकाम्या नव्या, पण उत्पाती नसलेल्या सदस्यांच्या चर्चा पानावर तिथलं आमंत्रण ठेवतो. काही नवख्यांना आमंत्रण देऊन आणि काहींना मुद्दाम न देऊन तुलना केली, तेव्हा आमंत्रण मिळालेले पुढच्या आठवड्यांतही लिहीत राहण्याची शक्यता जास्त निघाली. सांगकाम्याचंच तंत्र, फक्त हाकलायच्या ऐवजी बोलवायला लावलेलं.

मराठी विकिपीडिया २००३ साली सुरू झाला. इथलं चित्र इंग्रजीहून वेगळं आहे. क्लूबॉट इथे नाही, तो इंग्रजीवरच शिकलेला आहे. प्रचालक (व्यवस्थापनाचे जादा अधिकार असलेले सदस्य) हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, सगळे आपापले नोकरी-संसार सांभाळून हे काम करणारे. जानेवारीत मराठी भाषा संवर्धन पंधरवडा असतो, २७ फेब्रुवारीला गौरव दिन असतो, त्या निमित्ताने कॉलेजांत कार्यशाळा होतात आणि एकाच दुपारी शेकडो नवखे बदल येऊन पडतात. त्यांत स्वतःची ओळख, गुरुजींचं चरित्र, वर्तमानपत्रातून उचललेला मजकूर असतो, आणि अधूनमधून एखादी फार मोलाची नोंदही. एवढ्या थोड्या माणसांनी ते सगळं प्रेमाने तपासावं ही अपेक्षाच चूक आहे.

म्हणून कार्यशाळेत शिकवणाऱ्यांनी पहिल्या दिवशी नवं पान लिहायला लावूच नये असं मी आग्रहाने म्हणेन. आधी धूळपाटीवर, म्हणजे सरावासाठी ठेवलेल्या पानावर, हात साफ करू द्यावा, मग आपल्या गावच्या, नदीच्या, किल्ल्याच्या पानावर एक वाक्य आणि एक संदर्भ. आणि ज्यांना मराठी विकिपीडियावर थोडीफार वर्षं झाली आहेत त्यांनी प्रचालक होण्याची वाट पाहू नये. ‘अलीकडील बदल’ उघडून एखाद्या नवख्याचं वाक्य नीट करणं आणि त्याला दोन ओळी लिहिणं यासाठी कसलाच अधिकार लागत नाही.

तुमचाच बदल उलटला असेल तर पानाच्या वरचा ‘इतिहास’ उघडा. उलटवलेला मजकूर सहसा नष्ट होत नाही, तो तिथे जसाच्या तसा असतो, आणि कुणी, कधी, कोणत्या कारणाने उलटवला तेही शेजारी लिहिलेलं असतं. तोच मजकूर लगेच परत टाकू नका. त्या सदस्याच्या चर्चा पानावर विचारा, ‘यात काय कमी होतं?’ दोन दिवसांत उत्तर आलं नाही तर चावडीवर, म्हणजे सगळ्या सदस्यांच्या सामायिक चर्चेच्या पानावर, विचारा. तिथे बहुतेक वेळा कुणी ना कुणी उत्तर देतं.